भीमा-नीरेच्या दुआबांतील वासंतिक पाणपक्षी : मार्ग जुना, मुक्काम नवा

१. विषयप्रवेश

पुणें जिल्ह्याच्या आग्नेय टोंकास भीमा व नीरा या दोन नद्यांच्या मधला जो भूभाग आहे त्याचा बहुतेक अंश आज इंदापूर तालुक्यांत मोडतो. आमचें लासुर्णें गांव याच दुआबांत, बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या रस्त्यावर, नीरेच्या डाव्या कालव्याच्या भिजवणींत वसलेलें आहे. या प्रांताचा इतिहास म्हटला म्हणजे मालोजीराजांचें इंदापूर, शहाजीराजांची जहागीर, नीरा-नरसिंहपूरचें संगमक्षेत्र आणि लागोपाठचे दुष्काळ इतकेच विषय सामान्यतः पुढें येतात. प्रस्तुत लेखांत आम्ही वाचकांचें लक्ष एका निराळ्या विषयाकडे वेधूं इच्छितों.

लासुर्ण्याच्या उत्तरेस भीमेच्या अंगाला भिगवण, डिकसळ, कुंभारगांव, डाळज, पळसदेव हीं गांवें आहेत. त्यांच्या कांठीं उजनी धरणाचें पाणी पसरलेलें असतें. माघापासून वैशाखापर्यंत हें पाणी ओसरत जातें आणि उघड्या पडलेल्या चिखलांत हजारों पाणपक्षी चरावयास उतरतात. रोहित, ज्यास कोणी अग्निपंख म्हणतात, तो त्यांत सर्वांस ठाऊक आहे. पण संख्येनें व वैचित्र्यानें मोठा भाग चोंच खुपसून चिखल धुंडाळणाऱ्या लहान पक्ष्यांचा असतो : तुतवार, चिखल्या, टिलवा, शेकाट्या, मालगुझा. या वर्गास आम्ही पुढें सोयीकरितां ‘किनारपक्षी’ म्हणूं.

या मेळ्याविषयीं दोन परस्परविरुद्ध मतें आमच्या कानांवर येतात. एक असें कीं, हे पक्षी पळसनाथाचें देऊळ उभें राहिलें तेव्हांपासून येथें येतात. दुसरें असें कीं, धरणानें पाणी आणलें व पाण्यानें पक्षी आणले, त्यापूर्वीं येथें कांहींच नव्हतें. दोन्ही मतांत अर्धें सत्य आहे. पक्ष्यांचा मार्ग पुरातन आहे आणि येथील मुक्काम अर्वाचीन आहे. हें सिद्ध करण्यास जीं साधनें लागतात तीं कागदपत्रांचीं व पोथ्यांचींच आहेत. म्हणून हा विषय केवळ निसर्गप्रेमी मंडळींचा न राहतां इतिहाससंशोधकांचाही होतो.

२. दुआबांतील पाण्याचे तीन थर

प्रथम पाण्याचा इतिहास पाहूं. इंदापूर हा अवर्षणाचा मुलूख. दोन्ही नद्यांस पावसाळ्यांत पूर येत आणि उन्हाळ्यांत वाळवंटांत ठिकठिकाणीं डोह तेवढे राहत. विस्तीर्ण असें नैसर्गिक सरोवर या दुआबांत नाहीं. जमिनीची स्थिति जाणण्यास आपल्याजवळ एक उत्तम साधन आहे, तें म्हणजे इंग्रजी अमलाच्या आरंभींची पैमाष. प्रिंगलच्या सदोष आकारणीमुळें रयत हैराण झाल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नव्या पद्धतीची मोजणी प्रथम इंदापूर तालुक्यांतच केली व इ. स. १८३६ पासून तिची आकारणी लागू झाली. पुढें सबंध मुंबई इलाख्यांत जी रयतवारी मोजणी रूढ झाली तिचा पाया येथेंच घातला गेला. हलक्या-भारी जमिनीचा दर्जा शेतवार ठरविण्याची रीत ज्या मुलखांत प्रथम अजमावली गेली, तो मुलूख कोरडवाहू शेतीचा होता हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

याच काळाचें पक्ष्यांविषयींचेंही एक साधन उपलब्ध आहे. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी कर्नल साइक्स हा १८२४ नंतर दख्खनांत हिंडून माहिती गोळा करीत होता. त्यानें दख्खनच्या पक्ष्यांची यादी इ. स. १८३२ त लंडनच्या प्राणिशास्त्र-संस्थेच्या वृत्तांतांत छापविली व तींत कित्येक पक्ष्यांपुढें मराठी नांवेंही नोंदविलीं. नीरेचा कालवा होण्यापूर्वीं सुमारें अर्धशतक ही यादी झाली. म्हणजे धरण-कालव्यांपूर्वींचें दख्खन व आजचें दख्खन यांची तुलना करण्यास ती पहिली पायरी ठरते. आपल्या मंडळींनीं ती इतिहासाचें साधन म्हणून अद्याप फारशी हाताळलेली नाहीं.

दुसरा थर कालव्याचा. इ. स. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळांत दुष्काळी कामें म्हणून नीरेच्या डाव्या कालव्याची खोदाई सुरू झाली आणि १८८५ च्या सुमारास पाणी वाहूं लागलें. त्यास आधार म्हणून वेळवंडी नदीवर भाटघर येथें धरण बांधण्यांत आलें. पुढें त्याच्या जागीं अधिक मोठें लॉईड धरण होऊन १९२८ सालीं त्याचें उद्घाटन झालें. कालव्याबरोबर बारामती व इंदापूर या तालुक्यांत ऊंस आला, साखर-कारखाने आले, पाझर व पाणथळ आल्या, आणि शेटफळ हवेलीसारखे तलाव कालव्याच्या पाण्यानें भरूं लागले. भर उन्हाळ्यांत दुआबाच्या मध्यभागीं उघडें पाणी दिसावें ही गोष्ट येथील इतिहासांत यापूर्वीं घडलेली नव्हती.

तिसरा थर उजनीचा. भीमेवर सोलापूर जिल्ह्यांत माढें तालुक्यांतील उजनी येथें बांधलेलें धरण इ. स. १९८० त पुरें झालें. जलाशयास यशवंतसागर असें नांव आहे. याचा एकूण सांठा सुमारें ११७ अब्ज घनफूट असून त्यांत उपयुक्त सांठा सुमारें ५३.५ व मृत सांठा सुमारें ६३.५ अब्ज घनफूट आहे. अर्ध्याहून अधिक पाणी मृत सांठ्यांत मोडावें ही या धरणाची विशेष गोष्ट होय आणि आपल्या विषयाचें मर्महि तींतच आहे. भीमेचें खोरें येथें सपाट व पसरट असल्यामुळें पाणी खोल जाण्याऐवजीं आडवें पसरलें. जुनें भिगवण, जुनें पळसदेव व अशीं कितीएक गांवठाणें त्याच्या पोटांत गेलीं.

तात्पर्य, आज ज्या चिखलावर पक्षी उतरतात तो चिखल धरणापूर्वींचा नाहीं. पळसदेवाहून शके १०७९ चा शिलालेख ज्ञात आहे. पण त्या शकांत देवळापुढें नदी वाहत होती, समुद्रासारखें पाणी नव्हतें. देवळाच्या प्राचीनत्वावरून मेळ्याचें प्राचीनत्व सिद्ध होत नाहीं.

३. चैत्रांत काय घडतें

धरण भाद्रपद-आश्विनांत भरतें. नंतर कालवे, बोगदा व नदीपात्र यांतून सोलापूर जिल्ह्याकडे पाण्याचीं आवर्तनें सुटूं लागतात. प्रत्येक आवर्तनाबरोबर कांठ मागें सरतो. सपाट भूमि असल्यामुळें पाणी उंचीनें हातभर उतरलें तर कांठ आडवा कितीतरी दूर जातो. मोकळ्या झालेल्या गाळावर शेतकरी गाळपेर करितात, आणि त्याच्याही पुढें जो ओला चिखल व वीतभर पाणी राहतें तेथें किनारपक्ष्यांचें अन्न असतें : माश्या-डांसांच्या जातींच्या कृमींच्या अळ्या, शिंपले, गोगलगाई, किडे.

येथें चोंचीच्या लांबीप्रमाणें जागा ठरलेली दिसते. टिलवा हा सर्वांत लहान. वजन सुमारें २५ ग्रॅम, म्हणजे दोन तोळ्यांहून किंचित् अधिक. तो ओल्या चिखलाच्या पृष्ठावर टिपत धांवतो. चिखल्या थांबतो, पाहतो, चार पावलें धांवतो व टिपतो. त्याची चोंच आंखूड असल्यामुळें तो डोळ्यांवर विसंबून असतो. तुतवार कांठानें शेपूट हालवीत फिरतो. शेकाट्या लांब तांबड्या पायांमुळें गुडघाभर पाण्यांत शिरूं शकतो. मालगुझाची चोंच लांब व सरळ. ती तो मुळापर्यंत चिखलांत रोवतो. एकाच हातभर कांठावर चार जातींचे पक्षी असून एकमेकांचें अन्न हिरावीत नाहींत याचें कारण हें होय.

चैत्रांत आणखी एक फरक पडतो. पौषांत करडा दिसणारा मालगुझा फाल्गुन-चैत्रांत मानेवर व छातीवर विटकरी तांबडा होऊं लागतो; टिलव्याच्या पाठीवर तांबूस झांक येते. हे विणीच्या हंगामाचे रंग होत, आणि वीण तर येथें व्हावयाचीच नाहीं. टिलव्याची जन्मभूमि उत्तर ध्रुवाजवळील हिमप्रदेशाच्या कडेस, रशियाच्या उत्तर टोंकास आहे. तितका प्रवास करावयाचा म्हणून तो चैत्रांत अहोरात्र चरतो व अंगांत चरबी सांठवितो. ज्या पंधरवड्यांत हा पक्षी सर्वांत भुकेला असतो त्याच पंधरवड्यांत धरणाचा कांठ सर्वांत वेगानें उघडा पडतो. हा मेळ कोणीं योजिलेला नाहीं. सोलापूरच्या उसासाठीं व पंढरपूरच्या पिण्याच्या पाण्यासाठीं जें आवर्तन सुटतें त्याचा हा अनुद्दिष्ट लाभ होय.

समुद्रकांठीं हेंच कार्य भरती-ओहोटी दिवसांतून दोनदां करिते. शिवडीच्या व ठाण्याच्या खाडींतील चिखल, कोंकणांतील मिठागरें व खाजणें, गोव्यांतील मानशींनीं राखलेल्या शेतजमिनी, हीं या पक्ष्यांचीं जुनीं चराऊ ठिकाणें. ठाण्याच्या खाडीस २०२२ सालीं रामसर यादींत स्थान मिळालें, आणि नासिक जिल्ह्यांतील नांदूर-मधमेश्वर येथील बंधाऱ्याच्या पाणथळीस तर त्यापूर्वींच तो मान मिळाला होता. हा बंधाराही गेल्या शतकाच्या आरंभींचा व सिंचनासाठींच बांधलेला. म्हणजे समुद्रापासून दूर देशावर मनुष्यानें पाणी अडविलें, तें ऋतुमानानें ओसरूं दिलें, आणि समुद्रकांठचे पाहुणे देशावर मुक्काम करूं लागले, असा हा क्रम आहे. समुद्रांत जें दिवसांतून दोनदां होतें तें उजनींत वर्षांतून एकदां होतें, इतकाच भेद.

मार्ग मात्र या धरणांनीं घडविलेला नाहीं. सैबेरिया व मध्य आशियापासून हिंदुस्थानापर्यंतच्या या उड्डाणमार्गास आज मध्य आशियाई मार्ग म्हणतात; तो सुमारें तीस देशांवरून जातो. मुंबईच्या निसर्गेतिहास-मंडळानें (स्थापना इ. स. १८८३) पक्ष्यांच्या पायांत कडीं घालून त्यांचा माग काढण्याचा उपक्रम १९२७ च्या सुमारास आरंभिला तो धारच्या पवार महाराजांच्या द्रव्यसाहाय्यानें, ही गोष्ट मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक असावी. अलीकडे यंत्रें बांधून केलेल्या शोधांत कादंब (डोक्यावर दोन काळे पट्टे असणारा) हिमालय ओलांडतांना सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर आढळला आहे. धरण नव्हतें तेव्हांही हे पक्षी दख्खनावरून जात होते आणि नदीच्या डोहांवर, वाळवंटांवर तुरळक उतरत होते. साइक्सच्या यादीसारखीं साधनें तपासण्याचें प्रयोजन हेंच कीं, ते किती व कोठें उतरत याचा कांहीं अंदाज करतां यावा.

४. नांवांची परीक्षा

आतां पोथ्यांकडे वळूं. जुन्या ग्रंथांत वा कागदांत पक्ष्याचें नांव आलें कीं, आपण त्यावर आजचा पक्षी बसवितों व पुढें जातों. ही रीत सदोष आहे. कागदावरची मिति जशी वार व नक्षत्र लावून पारखितात तसें पक्ष्याचें नांवही तीन कसोट्यांवर पारखावें : लक्षण, काल व स्थल.

प्रथम राजहंस घेऊं. वर्तमानपत्रें व प्रवासी आज उजनीवरील पट्टेदार कादंबास सर्रास राजहंस म्हणतात. अमरसिंहानें सिंहादिवर्गांत राजहंसाचें लक्षण दिलें आहे तें असें : अंग पांढरें, चोंच व पाय तांबडे. त्याच्या जोडीला धूसर चोंच-पायांचा मल्लिकाक्ष व काळ्या चोंच-पायांचा धार्तराष्ट्र असे आणखी दोन भेद तो सांगतो. कादंब व कलहंस हीं एकाच पक्ष्याचीं नांवें म्हणून निराळीं देतो. उजनीवरील पट्टेदार पक्ष्याचें अंग करडें, चोंच व पाय पिंवळट नारिंगी, आणि डोक्यावर दोन ठळक काळे पट्टे. पट्ट्यांसारखें ठळक लक्षण कोशकाराच्या दृष्टीतून सुटलें असेल हें संभवत नाहीं. पांढऱ्या अंगाचा, तांबड्या पायांचा व तांबूस चोंचीचा पक्षी पाहिजे असेल तर तो रोहित आहे. पण रोहित मानससरोवरास जात नाहीं. त्याची प्रसिद्ध वीण कच्छच्या रणांत होते. उलट मानससरोवराच्या प्रदेशांत वीण करणारा पक्षी आहे तो पट्टेदार कादंबच, इ. स. १८१२ त मूरक्रॉफ्ट तेथें गेला तेव्हां त्यानें अशा रानटी हंसांचे थवे पाहिल्याचें लिहून ठेविलें आहे. म्हणजे लक्षण रोहिताचें व गति कादंबाची. दोन पक्ष्यांविषयींच्या दोन परंपरा एका नांवांत एकवटल्या असाव्या, असें आमचें मत आहे. फोगेल या डच पंडितानें १९६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत संस्कृतांतील हंस म्हणजे युरोपीयांचा श्वेत ‘स्वान’ नव्हे, कादंबवर्गीय पक्षी होय, असें विस्तारानें प्रतिपादिलें आहे. तें सामान्यतः मान्य केलें तरी राजहंसापुरता प्रश्न उरतोच.

दुसरी कसोटी कालाची. मेघदूतांत मेघ आषाढांत निघतो व त्याच्या सोबतीला मानसोत्सुक हंस असतात, हें सर्वांस विदित आहे. परंतु प्रत्यक्षांत कादंब दख्खन व उत्तर हिंदुस्थान सोडतो तो फाल्गुन-चैत्रांत. आषाढीं मेघगर्जना होते तेव्हां तो मानसाच्या कांठीं पिलें वाढवीत असतो. मग कवि चुकला काय? नाहीं. राजशेखरानें काव्यमीमांसेंत कविसमयाचें जें विवेचन केलें आहे त्याचें स्मरण ठेवावें. कोणत्याही जलाशयांत हंस वर्णावा हा कविसमय होय, असें तो स्पष्ट सांगतो, आणि पावसाळ्यांत हंस मानसास जातात ही उक्तिही पुढील आलंकारिकांनीं कविसमयांतच गणिली. पावसाळ्यांत आपल्या तळ्यावर हंस नाहीं एवढें लोकांस दिसत होतें. तो केव्हां गेला याची मोजदाद ठेवण्याचें काम काव्याचें नव्हे. म्हणून एखाद्या बखरींत वा प्रशस्तींत तळ्यावर हंस डुलतात असें वाचून त्या तळ्याच्या कांठीं हंस होते असा निष्कर्ष काढणें हें अशास्त्रीय. उलट एखाद्या रोजकीर्दींत वा खाजगी पत्रांत माघ-फाल्गुनांत अमक्या पाण्यावर अमके पक्षी आले असें सहज लिहिलेलें आढळलें तर तें वचन, भाषा कितीही रांगडी असली तरी, प्रमाण मानावें.

तिसरी कसोटी स्थलाची. क्रौंच या नांवाचा घोळ प्रसिद्धच आहे. वाल्मीकीच्या शोकास कारण झालेला क्रौंच म्हणजे सारस होय, असें अलीकडील संशोधकांचें मत आहे. मराठींत मात्र क्रौंच म्हटलें कीं करकोचा समजतात, जो हिवाळ्यांत दख्खनांत येणारा लहान पाहुणा. अमरकोशांत क्रौंच, सारस व कर्करेटु हीं तिन्ही नांवें वेगवेगळीं आहेत. कर्करेटु आणि आपला करकोचा यांचा ध्वनि जवळ आहे, व कर्करेटु म्हणजे हाच लहान क्रौंच असें कोशकारांनीं मानलें आहे. सारस तर आज महाराष्ट्रांत गोंदियाच्या बाजूस तेवढा आढळतो. तेव्हां पुणें-सोलापूरकडील कागदांत ‘सारस’ हा शब्द आला तर तेथें करकोचा, चित्रबलाक किंवा दुसरा कोणी उंच पायांचा पक्षी अभिप्रेत असण्याचा संभव अधिक. तसाच शराटी हा शब्द. काळ्या वांकड्या चोंचीच्या पक्ष्याचें हें मराठी नांव व अमरकोशांतील शरारि यांत जें साम्य आहे तें योगायोगाचें वाटत नाहीं. संस्कृत शब्द बोलींत जिवंत राहतो तो पुष्कळदां नागर ग्रंथकारांच्या मुखीं न राहतां भोई, कोळी, पारधी यांच्या मुखीं राहतो.

दख्खनचे म्हणून जे संस्कृत ग्रंथ आहेत त्यांस या कामीं विशेष महत्त्व द्यावयास पाहिजे. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसऱ्या सोमेश्वराचा मानसोल्लास हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील, म्हणजे पळसदेवच्या शिलालेखाच्या थोडा आधींचा. त्यांत श्येनविनोद व मत्स्यविनोद अशीं प्रकरणें आहेत. शिकारी राजास पक्षी प्रत्यक्ष धरावयाचा असतो. त्यामुळें येथील वर्णन कविसमयाच्या पलीकडचें आहे. तसाच हंसदेव या जैन पंडिताचा मृगपक्षिशास्त्र हा ग्रंथ. त्याची पोथी विसाव्या शतकाच्या आरंभीं दक्षिणेंत एका शिलालेखतज्ज्ञाच्या हातीं लागली म्हणून तो वांचला, १९२७ त त्याचें इंग्रजी भाषांतर झालें, व पुढें तो मराठींत आणण्याच्या कामीं मारुती चितमपल्ली यांचा हात होता. सोलापुरांत जन्मलेल्या या वनाधिकाऱ्यानें रानांतील लोकांच्या तोंडचीं नांवें जन्मभर टिपून ठेविलीं. २०२५ सालीं ते निवर्तले. एका पोथीमुळें व एका टिपणवहीमुळें किती शब्द वांचतात याचें हें उदाहरण होय.

५. टिट्टिभाची कथा

किनारपक्ष्यांपैकीं संस्कृत वाङ्मयांत सर्वांत ठळक स्थान मिळालें तें टिटवीस. पंचतंत्राच्या मित्रभेदांत टिट्टिभदंपतीची कथा आहे. समुद्रकांठीं मादी अंडीं घालते, समुद्र तीं हरण करितो, टिट्टिभ सर्व पक्ष्यांस मिळवून गरुडाकरवीं विष्णूपर्यंत दाद नेतो व समुद्रास अंडीं परत द्यावीं लागतात. हितोपदेशांतही ती आली आहे. ही कथा नीतीसाठीं सांगितली आहे हें खरें. पण तिच्या मुळाशीं असलेलें निरीक्षण अचूक आहे. टिटवी घरटें बांधीत नाहीं. उघड्या जमिनीवर चार खडे बाजूस सारून ती अंडीं घालते, आणि पाण्याजवळची उघडी जमीन तिला प्रिय.

उजनीच्या कांठीं ही कथा आजही घडतांना दिसते. बाकीचे पाहुणे वैशाखांत निघून जातात. टिटवी जात नाहीं, ती येथलीच. ओसरलेल्या पाण्यानें उघड्या केलेल्या भूमीवर ती अंडीं घालते. शेकाट्या व नदीसुरय यांचीही कांहीं वीण अशाच जागीं होते. मग पुण्याकडे पाऊस पडतो, वरच्या धरणांतून पाणी सुटतें, आणि उजनीचें पाणी दिवसागणिक चढूं लागतें. ज्यांचीं अंडीं फुटून पिलें पळतीं झालीं तीं वांचतात, उशिरांचीं बुडतात. टिटवीनें अंडीं उंचावर घातलीं तर पाऊस फार होणार, अशी जी समजूत आपल्या शेतकऱ्यांत आहे तिचा उगम याच अनुभवांत असावा. २०२४ च्या उन्हाळ्यांत धरण मृतसांठ्याच्या पुष्कळ खालीं गेलें होतें, पळसनाथाचें देऊळ पाण्याबाहेर आलें, आणि त्याच वर्षींच्या पावसाळ्यांत तें पुन्हां भरलें. अशा वर्षीं उघडी भूमि फार मोठी असते व बुडणारीही तितकीच. पंचतंत्रांतील टिट्टिभास गरुड होता. या टिटवीस कोणी नाहीं.

६. साधनें व विनंती

येथवरच्या विवेचनावरून निघणारें अनुमान एवढेंच : दुआबांतील वासंतिक मेळ्याच्या इतिहासाचे तीन कालखंड पाडावे, इ. स. १८८५ पूर्वींचा डोहांचा, १८८५ ते १९८० हा कालव्याचा, व १९८० नंतरचा उजनीचा. पहिल्या दोन खंडांसाठीं प्रमाण अत्यल्प आहे आणि जें आहे तेंही नष्ट होण्याच्या मार्गावर आहे. तिसऱ्या खंडाचें प्रमाण विपुल, पण विखुरलेलें. ज्या पाण्याचा हा मेळा बनलेला आहे तें पाणीही पूर्वींचें राहिलेलें नाहीं : पुण्याचें सांडपाणी मुळा-मुठेंतून भीमेंत व तेथून उजनींत उतरतें, चिलापी मासा माजल्यापासून जुन्या माशांच्या जाती भोयांच्या जाळ्यांत कमी येतात. मासे गेले म्हणजे त्यांचीं नांवें जातात, आणि पक्ष्यांचेंही तेंच होणार.

म्हणून संग्राहक मंडळींस आमची विनंती आहे कीं, पुढील चार प्रकारचीं साधनें क्षुल्लक समजून टाकूं नयेत. एक, बुडालेल्या गांवांचीं कुलकर्णी-दप्तरें व खाजगी वह्या. गांवठाण हललें तेव्हां तीं कुटुंबांबरोबर नव्या घरीं गेलीं व बहुधा माळ्यावर आहेत. दोन, भूसंपादनाचे निवाडे. त्यांत बुडालेल्या शेताचा, विहिरीचा, झाडाचा तपशील असतो व त्यावरून जुना कांठ आंखतां येतो. तीन, पाटबंधारे खात्याच्या रोजच्या पाणीपातळीच्या नोंदवह्या. पक्ष्यांच्या नोंदीशीं त्या ताडून पाहिल्यास कोणत्या पातळीस कोणता पक्षी उतरतो हें निश्चित करतां येईल. चार, भोई मंडळींच्या तोंडचीं नांवें. हें चौथें साधन कागदावर नाहीं, म्हणून सर्वांत आधीं टिपून घेतलें पाहिजे.

नांव टिपतांना केवळ नांव टिपूं नये. महिना, पाण्याची खोली, चोंचीचा आकार व रंग, पायांचा रंग, थवा कीं एकटा, आणि सांगणाऱ्याचें गांव, इतकें लिहिलें म्हणजे पुढच्या अभ्यासकास त्या नांवाचा पक्षी ओळखतां येईल. अमरसिंहानें चोंच व पाय यांचा रंग दिला म्हणूनच राजहंसाविषयीं आज कांहीं बोलतां येतें. क्रौंचाचें लक्षण त्यानें दिलें नाहीं म्हणून तेथें अद्याप वाद आहे. जुन्या दप्तरांत वा रोजकीर्दींत माघ ते वैशाख या महिन्यांतील पाणपक्ष्यांचा उल्लेख कोणास आढळल्यास त्यानें तो मितीसह व मूळ शब्दांत, अर्थ न लावतां, या त्रैमासिकाकडे धाडावा. तसे उल्लेख हातीं आल्यास त्यांची वरील तीन कसोट्यांवर परीक्षा करून पुरवणी लेख सादर करण्याचा आमचा मानस आहे.